पाखरू उडेल, ढोली कुठे जाईल?



मागच्या सभेनंतर मंडळीतील एका काकांनी मला विचारले, "जंगल थोडे तुटले तर पाखरे उडून जातील, माकडे गावात येतील. एवढी काळजी कशाला?" मला अनामलाईचे डोंगर आठवले. केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरील या भागात मी काही दिवस राहिलो आहे.

तिथे सिंहपुच्छ माकड आहे. काळे अंग, तोंडाभोवती रुपेरी आयाळ, शेपटीला गोंडा. हे माकड जगात फक्त पश्चिम घाटात, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूत आढळते. पूर्ण वाढलेली माकडे 2500 हूनही कमी उरली असावीत. ते उंच झाडांच्या शेंड्यांवरूनच फिरते. वालपराईत चहाच्या मळ्यांनी जंगलाचे तुकडे केले, तेव्हा त्याला जमिनीवर उतरून रस्ता ओलांडावा लागला आणि काही माकडे गाड्यांखाली सापडली. आता रस्त्यावरून झाडांना जोडणारे पूल बांधले आहेत.

त्याच जंगलात महाधनेश हा मोठा पक्षी आहे. आपल्या कोकणातही तो दिसतो. चहाचा मळा तो सहज ओलांडतो. दूरवर फळांच्या बिया टाकून जंगल पेरतो. पण घरट्याला त्याला जुन्या, जाड झाडाची ढोलीच लागते. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. नर महिनोन्‌महिने त्या फटीतून फळे भरवतो. नराला काही झाले तर आतले पिल्लू उपाशी राहते.

म्हणजे एकाला सलग झाडी हवी, दुसऱ्याला जुने झाड हवे. दोघांचेही भागेल असे जंगल एकच, जुने आणि अखंड.

ते कोण राखणार? तिथले कादर आदिवासी. पूर्वी त्यांतील काही जण धनेशाची पिल्ले खाण्यासाठी काढत. आज वाझाचालच्या जंगलात तेच लोक घरट्यांची राखण करतात. कुठल्या झाडात ढोली आहे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? 2014 मध्ये तिथल्या नऊ कादर वस्त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले.

काकांना मी एवढेच म्हणालो, "पाखरू उडून जाईल, काका, पण ढोली उडत नाही. आणि ढोली ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच आपण जंगलाबाहेर काढतो."

आपल्या पाड्यांवरचे वनहक्काचे दावेही प्रार्थनेत आठवा.