पगार, प्रपंच आणि प्राप्तिकर – भाग ६ : शाळेला वजावट, पाळणाघराला नाही

कितीतरी राज्यांतल्या शाळांचे गणवेश सोलापुरात शिवले जातात. त्या कारखान्यांत शिलाई मशीनवर बसलेल्या बायकांची लहान मुलं दिवसभर कुणाकडे असतात? प्राप्तिकराच्या लेखमालेत हा प्रश्न विचारायचं कारण असं, की आपल्या करकायद्याला मुलाची शाळा दिसते, मुलाचा सांभाळ दिसत नाही.

आधी शाळेचं पाहू. या भागातला सगळा हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ चा आहे. कलम ८०-सी खाली दोन मुलांपर्यंतच्या ट्यूशन फीची वजावट मिळते. मर्यादा दीड लाखाची, २०१४ पासून तेवढीच. आणि पीएफ, विम्याचा हप्ता, गृहकर्जाची मुद्दल हे सगळं त्याच दीड लाखात बसवायचं. पुष्कळ पालकांना वाटतं, वजावट पहिलीपासून सुरू होते. तसं नाही. प्लेग्रुप, नर्सरी, शिशुवर्ग हेही पूर्णवेळ शिक्षणच मानायचं, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या परिपत्रकांत स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा तीन वर्षांच्या पोराची पावतीही जपून ठेवा.

पावती मात्र नीट वाचा. तिच्यात ट्यूशन फीचा आकडा वेगळा हवा. विकास निधी, देणगी, बसचं भाडं, गणवेश, वह्या-पुस्तकं यातलं काहीही धरता येत नाही. खासगी क्लासची फीही नाही. शाळेने सगळं एका रकमेत लिहून दिलं असेल तर कार्यालयात जाऊन तपशीलवार पावती मागा, तो तुमचा हक्क आहे. फी ज्या वर्षी भरली त्या वर्षीच ती धरायची. जूनच्या वर्गाची फी मार्चमध्ये भरली असेल तर ती मार्चच्याच आर्थिक वर्षात जाते. नवरा-बायको दोघंही कर भरत असतील तर ज्याने जेवढी भरली तेवढी त्याने दाखवावी. आपल्याकडे नातवाची फी आजोबांनी भरण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. माया म्हणून ती थोर आहे, पण आजोबांना तिची वजावट मिळत नाही, कारण कायदा ‘स्वतःची मुलं’ एवढंच म्हणतो. पगारात शिक्षणभत्ता मिळत असेल तर त्यातले मुलामागे महिन्याला १०० रुपये करमुक्त. आजच्या फीपुढे हा आकडा ठेवून पाहावा, मग त्यावर आणखी काही बोलायची गरज उरत नाही.

आणि हे सारं फक्त जुन्या करप्रणालीत. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात यातलं काहीच नाही. म्हणून फीची वजावट मिळावी यासाठी जुनीच प्रणाली धरून बसायचं का? आकडे मांडू. समजा पगार वर्षाला ९ लाख आहे. नव्या प्रणालीत कर शून्य. जुनीत ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि ८०-सीचे पूर्ण दीड लाख घेतले तरी सेससह ५४,६०० रुपये भरावे लागतात. पगार १६ लाख असेल तर नवीत १,१३,१०० आणि जुनीत, एवढ्याच वजावटी घेऊन, २,४१,८००. घरभाडं, गृहकर्जाचं व्याज अशा मोठ्या वजावटी सोबत नसतील तर फीच्या पावतीला आता काही किंमत राहिलेली नाही. नोकरदाराला दरवर्षी प्रणाली निवडता येते. टॉवेलचा कारखाना किंवा दुकान असलेल्याने मात्र फॉर्म १०-आयईए भरण्याआधी सीएला विचारावं. जुनीत जाऊन एकदा नवीत परतल्यावर धंद्याचं उत्पन्न असेतो जुनीचं दार पुन्हा उघडत नाही.

आता सांभाळाचं. आई नोकरीवर जाते म्हणून घरात पगार येतो आणि मूल पाळणाघरात असतं म्हणून ती जाऊ शकते. तरीही पाळणाघराच्या निव्वळ सांभाळाच्या पैशांना जुन्या प्रणालीतही वजावट नाही. स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनाही हा खर्च व्यवसायात धरता येत नाही, कारण तो वैयक्तिक मानला जातो. कारखानदाराने कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं तर तोच धंद्याचा खर्च होतो. मला हे पटत नाही. कमावण्यासाठी जो खर्च टाळताच येत नाही, तो कमाईचा खर्च मानायला हवा. जर्मनीत २०२५ पासून पालकांना सांभाळखर्चाच्या ८० टक्के, मुलामागे वर्षाला ४,८०० युरोपर्यंत वजावट मिळते.

पण सोलापुरात बसून हे लिहिताना तेवढ्यावर थांबता येत नाही. पूर्व भागात आणि कुंभारीच्या वसाहतींत हजारो बायका घरी विड्या वळतात. त्यांच्या घरात प्राप्तिकराचा प्रश्नच येत नाही, मग वजावट घेऊन त्या काय करणार? पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघर हवं, असं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने सांगितलं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पण घरी विडी वळणारीच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. तंबाखूचं सूप आईच्या मांडीवर आणि मूल शेजारी, असंच चालतं. लहान शेडमधल्या शिलाई कामगारांनाही ही सक्ती लागू होत नाही. या घरांना हवं आहे ते दिवसभर उघडं राहणारं पाळणाघर. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. आपल्या प्रभागात ते सुरू व्हावं म्हणून महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा, नगरसेवकाला गाठा.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, पहिलीपासून पुढे वर्षाला १,००० ते २५,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. कामगार ओळखपत्र आणि आईचं किंवा मुलाचं बँक खातं आधी तपासून घ्या, नावातल्या एका अक्षराच्या फरकानेही पैसे अडकतात.

पुढच्या भागात सुकन्या समृद्धी आणि मुलांच्या नावावरच्या ठेवींचं व्याज.