संगणकातला फोन आणि बांधावरचा फोन

भर दुपारी उसाच्या बांधावर उभं राहून मोबाइलकडे पाहिलंय कधी? बारामती-इंदापूरच्या मुलांना ठाऊक असेल. त्यात आपलाच चेहरा दिसतो!

याच बांधावर शेतकरीकाका ‘ई-पीक पाहणी’ करतात. राज्यभर ती १५ ऑगस्ट २०२१ला सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोन उपग्रहांच्या मदतीनं ठिकाण ओळखतो आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर जाते. नोंद चुकली, की नुकसानभरपाईच्या वेळी पंचाईत!

मग असं ॲप आधी तपासायचं कशावर? संगणकात ‘एम्युलेटर’ नावाचा नकली फोन चालतो. तो फुकट मिळतो. लहान-मोठे, जुने-नवे कितीतरी फोन एकाच टेबलावर उभे करता येतात. अक्षरं कापली गेली, बटण पडद्याबाहेर गेलं, तर लगेच कळतं. रोजच्या कामाला हाच बरा.

पण हे बाळ जरा जास्तच गुणी! आपण सांगू तेच त्याचं ठिकाण, आपण ठेवू तेवढीच बॅटरी. कॅमेऱ्यापुढे ऊस कुठला, चित्रातली खोली! चिखलाचं बोट, तापलेला फोन, येणारी-जाणारी रेंज हे त्याच्या गावीही नसतं.

तेव्हा शाळेच्या प्रकल्पासाठी ॲप बनवलंत, तर शेवटची तपासणी खऱ्या फोनवरच करा. आणि हो, बाबांचा नवाकोरा फोन नको. काच तडकलेला, फोटोंनी गच्च भरलेला आजोबांचा मागा. दुपारी बांधावर जा आणि आजोबांनाच वापरू द्या. तुम्ही मध्ये बोलायचं नाही!