डास सारे सारखे नसतात

संध्याकाळी दिवे लागले की कानाशी गुणगुण सुरू होते. आपण टाळी वाजवतो. डास कधी मरतो, कधी निसटतो. तुमच्या घरी त्याला मच्छर म्हणत असतील. मराठी बोलण्यातही हा शब्द चालतो. पुस्तकात मात्र 'डास' हा शब्द अधिक दिसतो. मेलेला डास निरखून पाहण्याची तसदी आपण घेत नाही. डास तो डास, त्यात पाहायचे काय, असे आपल्याला वाटते.

पण या एका प्रश्नापायी एका मोठ्या संशोधकाची दोन वर्षे वाया गेली. रोनाल्ड रॉस हे इंग्रजांच्या सैन्यातील डॉक्टर होते. हिवताप, म्हणजे मलेरिया, डासांमुळे पसरतो हे त्यांना सिद्ध करायचे होते. १८९५ पासून ते हिवतापाच्या रोग्यांना डास चावू देत आणि मग ते डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. काही सापडत नव्हते. कारण त्यांच्या हाती होते ते करडे आणि पट्टेरी डास. हिवताप पसरवणारे डास ते नव्हतेच!

१८९७ च्या ऑगस्ट महिन्यात सिकंदराबादला त्यांना ठिपकेदार पंखांचे तपकिरी डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रोग्याने ते आपल्या अंगाला चावू दिले. एका डासामागे एक आणा, असे दहा डासांचे दहा आणे त्याला मिळाले. २० ऑगस्ट रोजी यांपैकी एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. पुढे १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

सिकंदराबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाड्यातील धाराशिव जिल्हाही त्याच संस्थानात होता. २०२३ पर्यंत या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. आता आपण याच जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊ आणि तिथले डास पाहू.

हा जिल्हा बालाघाटच्या डोंगरांचा आणि कमी पावसाचा. उन्हाळ्यात विहिरी आटतात. पाणी रोज मिळेल याची खात्री नसते, म्हणून घरोघरी रांजण, हौद, पिंपे भरून ठेवतात. जपून ठेवलेल्या या स्वच्छ पाण्यात एडिस नावाचा डास अंडी घालतो. तो काळा असतो. त्याच्या पायांवर आणि अंगावर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो आणि डेंग्यू पसरवतो. म्हणजे पाऊस नसला तरी डास असतातच! दुष्काळात डास कमी होतील असे मानणाऱ्याने आधी घरातला रांजण उघडून पाहावा.

पाऊस पडला की चित्र बदलते. तेरणा, मांजरा, बोरी या नद्यांच्या काठी डबकी साचतात. कालव्याचे पाणी झिरपते. तिथे ॲनॉफिलिस डासाच्या अळ्या दिसतात. हाच हिवतापाचा डास. भिंतीवर बसताना तो शेपटीकडची बाजू वर उचलतो. तिरपी टोचलेली टाचणी जशी दिसावी तसा तो दिसतो. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पडून राहते.

तिसरा डास क्युलेक्स. त्याला घाण पाणी आवडते. मोरीचे पाणी रस्त्यावर आले, गटार तुंबले की याची वाढ झालीच म्हणून समजा. तो भिंतीला समांतर बसतो. त्याची अळी डोके खाली करून पाण्यात लटकते. हत्तीरोग याच्यामुळे पसरतो. महाराष्ट्रातील हत्तीरोगाच्या जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबादचेही नाव होते. या रोगाचे सूक्ष्म कृमी रात्रीच्या वेळी रक्तात अधिक दिसतात आणि क्युलेक्सही रात्रीच चावतो. म्हणूनच हत्तीरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री दारात येतात. लोक कधी कधी त्यांच्यावर रागावतात. रात्री का आलात, असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आता तुम्ही देऊ शकाल.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने सांडपाण्यासाठी घरोघरी शोषखड्डे केले. गटारे गेली, डास कमी झाले. ही युक्ती चांगलीच आहे. पण शोषखड्ड्याने क्युलेक्स कमी होईल. रांजणातल्या एडिसला त्याचे काय? म्हणून गावात आधी कोणते डास आहेत आणि किती आहेत हे मोजावे लागते.

डास मोजायचे कसे? हिवताप विभागात 'कीटक समाहारक' नावाचा कर्मचारी असतो. पहाटे तो विजेरी आणि काचेची नळी घेऊन निघतो. नळीच्या एका टोकाला जाळी आणि रबरी नळी असते. तोंडाने हवा ओढली की भिंतीवरचा डास काचेच्या नळीत येतो. गोठे, घराचे अंधारे कोपरे, टांगलेले कपडे, सगळीकडे तो शोधतो. एका घरात पंधरा मिनिटे, अशी चार घरे झाली की एक तास होतो. एका माणसाने एका तासात किती डास पकडले, ही त्या गावाची संख्या. घड्याळ का लावायचे? कारण एका गावात दोन तास आणि दुसऱ्या गावात दहा मिनिटे शोधले, तर तुलना खोटी ठरेल.

एडिससाठी निराळी रीत आहे. तिथे घरातील भांडी तपासतात. समजा, शंभर घरे पाहिली आणि वीस घरांत अळ्या सापडल्या, तर त्या गावाचा घर निर्देशांक वीस झाला.

आता एक कोडे पाहा. समजा, नदीकाठची दोन गावे आहेत. दोन्हीकडे तासाला सारखेच ॲनॉफिलिस मिळाले. तरी एका गावात हिवतापाचे रोगी पुष्कळ आणि दुसऱ्यात जवळजवळ नाहीत. असे का?

भारताच्या ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस. तो एकच आहे असे पूर्वी मानत. १९८० साली कळले की त्यात निदान दोन जाती आहेत. पुढे त्या पाच निघाल्या. त्यांना अ, ब, क, ड, इ अशी साधी नावे दिली आहेत. बाहेरून त्या इतक्या सारख्या की भिंगातूनही ओळखता येत नाहीत. त्यासाठी मादीच्या अंडाशयातील पेशी घेऊन त्यांतील गुणसूत्रांवरचे पट्टे पाहतात. पट्ट्यांचा क्रम कुठे उलटा झाला आहे, यावरून जात ठरते. यांतील 'ब' जात गुराढोरांचे रक्त पिते आणि भारतात हिवताप फारसा पसरवत नाही. बाकीच्या जाती पसरवतात. ज्या गावात 'ब' जात अधिक, तिथे डास असूनही ताप कमी!

ॲनॉफिलिस स्टिफेन्सी या डासाची गोष्टही अशीच आहे. त्याच्या अंड्याच्या दोन्ही बाजूंना हवेचे छोटे तरंगे असतात आणि त्यांवर कंगोरे असतात. शहरी प्रकारात कंगोरे जास्त, खेड्यातील प्रकारात कमी. तिसरा प्रकार मधला. खेड्यातील प्रकार हिवताप फारसा वाहून नेत नाही. अंड्यावरचे कंगोरे मोजून गावाचा धोका समजावा, ही किती नवलाची गोष्ट आहे!

डासांमध्ये आणखी एक फरक असतो, तो डोळ्यांना मुळीच दिसत नाही. १९५३ साली देशात हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. घराघरांत डीडीटी फवारले गेले. १९६५ पर्यंत वर्षाचे रोगी एक लाखाच्या आसपास आले. पण १९७६ साली ते चौसष्ट लाखांवर गेले. याची कारणे अनेक होती. डीडीटीने न मरणारे डास वाढले होते, हे त्यांतले एक. म्हणून आता गावोगावचे डास पकडून औषध लावलेल्या कागदाच्या नळीत एक तास ठेवतात आणि चोवीस तासांनी मेलेले मोजतात. शंभरांपैकी नव्वदांहून कमी मेले, तर त्या गावात ते औषध फवारून उपयोग नाही. शेजारच्या गावात तेच औषध चालू शकते.

वाळूमाशीबद्दलही थोडे सांगतो. ती डासाहून कितीतरी लहान असते. तिला पाणी लागत नाही. दगडमातीच्या भिंतींच्या ओलसर भेगा तिला पुरतात. मुलांना होणारा चांदीपुरा ताप तिच्यामुळे पसरतो. त्याचा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी सापडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर आणि आसपासच्या गावांतील मातीत बांधलेली जाड भिंतींची घरे कोसळली आणि पुष्कळ गावे नव्या जागी वसली. घर बदलले की घरातील कीटकही बदलतात. म्हणून मोजणी एकदा करून संपत नाही.

परत रांजणाकडे येऊ. एडिसची मादी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर अंडी चिकटवते. पाणी संपले, भांडे वाळले, तरी अंडी कित्येक महिने तशीच जिवंत राहतात. तेच भांडे न घासता पुन्हा भरले, तर अंड्यांतून अळ्या बाहेर येतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात.