निर्वातातील ठिणगीचे मूळ

हुगळीच्या काठी बजबजजवळ पुजाली येथे साडेसातशे मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांत आणि उपकेंद्रांत आता व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे निर्वात बाटलीत संपर्क विलग करून प्रवाह तोडणारी साधने, सर्रास आढळतात; परंतु त्यांच्याविषयी बोलताना चांगली शिकलेली माणसेही बिनदिक्कत सांगतात की निर्वातात काहीच नसते, सबब तेथे ठिणगी पडणे अशक्य; आणि पडलीच, तर बाटलीत हवा शिरली असली पाहिजे.

बाटली गळली तर तिची रोधकशक्ती ढासळते, हे मान्य. पण प्रत्येक ठिणगीचा ठपका हवेवर ठेवणे सर्वस्वी चूक आहे! दाब टॉरच्या दशलक्षांशावर उतरला, की हवेच्या रेणूला दुसरा रेणू भेटेपर्यंत सरासरी पन्नास मीटर धावावे लागते, आणि विद्युताग्रांतील अंतर तर जेमतेम सेंटिमीटरभर. तेव्हा पाशेनने १८८९ साली वायूंसाठी मांडलेला नियम, जो टकरींच्या साखळीवर उभा आहे, येथे गैरलागू ठरतो. अपराधी आहे तो दस्तुरखुद्द धातू. आरशासारख्या घासलेल्या ऋणाग्रावरही सूक्ष्मदर्शकाखाली उंचवटे आणि चिकटलेले कण दिसतात. अशा टोकापाशी विद्युत् क्षेत्र सरासरीच्या शंभरपटही होऊ शकते, आणि ते मीटरला काही अब्ज व्होल्टांवर गेले, की थंड धातूतूनच इलेक्ट्रॉन निसटू लागतात. वुड यांनी हे उत्सर्जन १८९७ मध्ये पाहिले. फाउलर व नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये पुंजयामिकीने त्याची उपपत्ती दिली. या प्रवाहाने टोक तापते, वितळते, त्याची वाफ होते. ती वाफ आयनीभूत होऊन प्रवाहाला वाट देते, आणि मागे काही मायक्रोमीटरांचा, कडेला धातू थिजलेला खळगा उरतो. एवढ्यावरही संशय उरला, तर ठिणगीचा वर्णपट पाहावा : त्यात प्रामुख्याने विद्युताग्राच्या धातूच्याच रेषा असतात.

विद्युताग्रांतील अंतर दुप्पट केले की विद्युत् दाब सोसण्याची शक्तीही दुप्पट होते, हा दुसरा समज. मोठ्या अंतरांसाठी ती बहुधा वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे क्रॅनबर्ग यांनी १९५२ मध्ये दाखवले. प्रत्येक ठिणगी घातकच, हेही खरे नव्हे : कलकत्त्याच्या सायक्लोट्रॉनसारख्या यंत्रांत झोत वळवणाऱ्या विक्षेपकाचा विद्युत् दाब सावकाश चढवीत जातात, आणि बेताच्या ठिणग्यांनी दुष्ट टोके जळून पृष्ठभाग सुधारतो.

ब्रेकरचे संपर्क विलग होताना आत प्रज्योत पेटते, ती तर अपेक्षितच असते. शेवटचा स्पर्शबिंदू वितळून तिला वाफ पुरवतो. प्रवाह शून्यावर येताच, म्हणजे पन्नास हर्ट्झला दर शतांश सेकंदाने, ती वाफ संपर्कांवर व भोवतालच्या कवचावर थिजते. तेव्हा बाटली गळली की नाही, याचा निवाडा ठिणगीवरून न करता उघड्या संपर्कांवर उच्च विद्युत् दाबाची चाचणी घेऊनच करावा.