बाल्कनीतला बाबा
फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मी घ्यायची, कॉफी मी कमी करायची, वजन उतरवायचं तेही मीच! बाळाचा विचार पक्का झाला म्हणून आम्ही दोघं मुलुंडमधल्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो, तर अर्धा तास सगळी चौकशी माझीच. शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याला एकच प्रश्न, ‘गाडी कुठे लावलीत?’ त्याच्या शर्टाच्या खिशातून सिगारेटचं पाकीट डोकावत होतं, पण त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही.

तसा माझा नवरा समजूतदार. घरात ओढत नाही, बाल्कनीत जातो, सरकतं दार लावून घेतो. अंधेरीच्या ऑफिसखालची टपरी, कटिंग आणि एक सुट्टी सिगारेट ही त्याची खरी मीटिंग रूम. (राज्यात सुट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी आली, हे टपरीवाल्याच्या कानावर अजून गेलेलं नसावं.) ‘बाळ तुझ्या पोटात असणार, मी ओढली तर त्याला काय होतंय?’ हा त्याचा सवाल. खरं सांगू? माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मग बसले शोधायला.

आणि नाव कुणाचं सापडावं? भिडे! अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतले प्रदीप भिडे आणि त्यांच्या टीमने २०१८ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त एक प्रयोग प्रसिद्ध केला. नर उंदरांना पिण्याच्या पाण्यातून निकोटीन दिलं, माद्यांना थेंबभरही नाही. त्यांची पिल्लं नको इतकी धावपळ करणारी निघाली. एकदा शिकलेली गोष्ट बदलून नव्याने शिकताना ती अडखळत होती. नर पिल्लांचं तर लक्षही टिकेना. नातवंडांपर्यंत काही परिणाम पोचला होता. बापांच्या शुक्राणूंमधल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या आढळल्या. म्हणजे जनुकं तीच, पण कुठलं किती चालू ठेवायचं याच्या सूचना वेगळ्या.

‘मी उंदीर आहे का?’ नवरा म्हणाला. मुद्दा रास्त होता. म्हणून माणसांकडे वळले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९०च्या सुमारास गरोदर असलेल्या हजारो बायकांच्या मुलांवर वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे. त्याच माहितीवरच्या २०१२च्या एका शोधनिबंधात असं दिसलं, की आई ओढत नसली तरी बाप ओढत असेल, तर मुलांमध्ये एडीएचडीची, म्हणजे अतिचंचलपणाची आणि लक्ष न लागण्याची लक्षणं जास्त. पण थांबा! संशोधकांनीच पुढे म्हटलंय, की हे धुरामुळेच झालं असं नाही; आनुवंशिकता किंवा घरचं वातावरणही त्यामागे असू शकतं. मुळात अस्वस्थ असलेला माणूस सिगारेटकडे जास्त वळत असेल, आणि तोच स्वभाव पोराकडे जात असेल, तर? हे वाचून नवरा खूश झाला. मला मात्र झोप लागली नाही.

कारण धुराचं काय? गरोदर बाईने दुसऱ्याचा धूर घेतला तर बाळाचं वजन कमी भरू शकतं, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ मध्येच सांगून टाकलंय. भारतात २०१६-१७च्या पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना घरातच असा धूर मिळत होता. आणि आमची बाल्कनी म्हणजे काय, वन बीएचकेला चिकटलेले चार फूट! दार उघडलं की शर्टाला, केसांना, बोटांना लागलेला तो वास घेऊनच हा आत येतो.

शेवटी मी त्याला वाद न घालता एकच गोष्ट सांगितली. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज सोडलीस, तर अडीच महिन्यांनी जे असतील ते निकोटीनशिवाय घडलेले असतील. तो काहीच बोलला नाही. दारामागच्या कॅलेंडरवर पेनाने एक गोल केला, पानं उलटत पुढची तारीख शोधली आणि तिथे दुसरा. मी सिगारेटच्या पाकिटावरचाच सरकारी क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर फ्रिजवर चिकटवला.

नऊ दिवस निभावले. दहाव्या दिवशी घाटकोपरहून फोन, ‘मेट्रोतून उतरलो, समोरच टपरी होती, एक झाली गं.’ घरी आल्यावर त्याने पहिला गोल खोडला आणि त्या दिवसाच्या तारखेवर नवा काढला.