असईचा जर्मन सेनापती: शिंद्यांच्या कंपूचा कर्नल पोलमन

हेडफोन लावा, कारण आज मागे जरा रिक्षाचा आवाज आहे. आज एका जर्मन सेनापतीबद्दल बोलायचंय.

जर्मन सेनापती म्हटलं की नाव येतं ब्लुशरचं. प्रशियाचा 72 वर्षांचा म्हातारा, 18 जून 1815 ला संध्याकाळी वॉटर्लूवर पोचला, आणि घायकुतीला आलेल्या वेलिंग्टनच्या जिवात जीव आला. हे युट्यूबवर शेकडो व्हिडिओत आहे. पण त्याच वेलिंग्टनसमोर, बारा वर्षं आधी, आपल्या जालना जिल्ह्यात दुसरा एक जर्मन उभा होता. मदतीला नाही, विरुद्ध! त्याचं नाव अँथनी पोलमन, आणि तो मराठ्यांच्या बाजूने लढत होता.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. पोलमन प्रशियन नव्हता, हॅनोव्हरचा होता. तेव्हा जर्मनी असा एक देशच नव्हता, शेकडो तुकडे होते. आणि गंमत बघा, हॅनोव्हरचा राज्यकर्ता कोण? इंग्लंडचा तिसरा जॉर्ज! त्यामुळे हॅनोव्हरच्या दोन पलटणी ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासला आणल्या होत्या. पोलमन त्यातलाच एक सार्जंट असल्याचं सांगतात. तिथून तो सटकला आणि 1790 च्या दशकात शिंद्यांच्या नोकरीत शिरला. युरोपात राहिला असता तर जन्मभर सार्जंटच राहिला असता, कारण तिकडे अधिकारी व्हायला खानदान लागायचं. इकडे तो ब्रिगेडचा प्रमुख झाला. हत्तीवरून फिरायचा, सोबत खास पोशाखातले अंगरक्षक. थोडक्यात, पॅकेज भारी होतं.

आता ही फौज कुठून आली? महादजी शिंद्यांनी द बॉइन नावाच्या सरदाराकडून कवायती पायदळ उभारून घेतलं. एकसारखा गणवेश, बंदुका, रांगेत चालणं, आणि जबरदस्त तोफखाना. या ब्रिगेडना आपल्याकडे 'कंपू' म्हणायचे. सेनापती गोरे, पण शिपाई आणि गोलंदाज सगळे इथलेच.

आणि इथे आपल्या कोकणचा धागा येतो. महादजींच्या पश्चात शिंद्यांच्या फौजेचा मुख्य आधार होता जिवबादादा केरकर. हे केरी म्हणजे तेरेखोलच्या पलीकडचं, आपल्याकडून गोव्यात गेलात की लगेच. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्याच्याच हाताखाली होती. त्याच्यानंतरचं मोठं नाव लखबादादा लाड. 1800 मध्ये राजस्थानात मालपुऱ्याला लखबादादाच्या हाताखाली जी फौज जयपूरवाल्यांशी लढली, त्यात पोलमनची ब्रिगेडही होती. म्हणजे कोकणी सेनापती आणि हॅनोव्हरचा कर्नल एकाच बाजूला!

पण तरुण दौलतराव शिंदे गादीवर आले आणि घरातच आग लागली. महादजींच्या विधवांशी भांडण, त्यात शेणवी सरदार विधवांच्या बाजूचे. काहींना कैद झाली, काहींना ठार मारलं, लखबादादावर तर स्वतःचीच फौज घातली. 1803 ला इंग्रज चाल करून आले तेव्हा हे जुने, अनुभवी लोक उरलेच नव्हते. प्रोजेक्टचे सिनियर घालवून टाकायचे आणि मग डेडलाइनला रडायचं, तसला प्रकार.

त्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला. जो युरोपीय अधिकारी शिंद्यांची नोकरी सोडून येईल त्याला कंपनी पोसेल. ही ऑफर बऱ्याच जणांनी घेतली. उत्तरेतला सरसेनापती पेराँ तर सप्टेंबर 1803 मध्ये इंग्रजांच्या आसऱ्यालाच गेला. पोलमन मात्र थांबला.

23 सप्टेंबर 1803. गाव असई. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात शिंदे-भोसल्यांची छावणी. कवायती पायदळ दहा-अकरा हजार, तोफा शंभराच्या आसपास, घोडदळ तर हजारोंनी. समोर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, वय 34. दुसऱ्या फौजेची वाट न बघता त्याने साधारण सात हजारांवर हल्ला करायचं ठरवलं.

केळणेला उतार नाही असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीला मात्र पलीकडे-अलीकडे समोरासमोर दोन गावं दिसली. तो म्हणाला, एवढी जवळची गावं आहेत म्हणजे माणसं ये-जा करत असणारच, उतार असणारच. आणि होता! खाडीकाठच्या माणसाला हे सांगायला नको. समोरासमोर वाडी दिसली की तर असतेच.

त्याचा प्लॅन असा की मराठे नदीकडे तोंड करून उभे आहेत, आपण बाजूने घुसू. पण पोलमनने नदी ओलांडणारी फौज बघितली आणि अख्खी रांग काटकोनात वळवली. तोफांसकट! हजारो माणसं, बैल, दारूगोळ्याचे गाडे, सगळं त्या अरुंद पट्ट्यात फिरवून पुन्हा सरळ उभं केलं. वेलस्लीला हे जमेल असं वाटलंच नव्हतं. माझ्या मते त्या दिवसाची सगळ्यात अवघड गोष्ट ही होती, आणि ती आपल्या बाजूने झाली.

मग तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफांचे बैलच मेले, त्यांना तोफा मागे टाकून संगिनी लावून पुढे यावं लागलं. असई गावाकडे चुकून जास्त सरकलेली 74 वी पलटण जवळजवळ कापली गेली. मराठा गोलंदाज हटले नाहीत, तोफेपाशीच मेले. काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून मागून तोफा डागल्या.

तरी हरलो. का? पायदळ एकटं पडलं. हजारोंचं घोडदळ नुसतं उभं राहिलं, आणि शिंदे-भोसले दोघेही रणांगणातून निघून गेले. संध्याकाळी 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांचेही मेलेले-जखमी मिळून दीड हजारांवर. पुढे वॉटर्लू जिंकूनही वेलिंग्टन आपली सर्वात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा.

'परक्यांच्या हाती फौज दिली म्हणून बुडालो' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पेराँबाबत ते ठीक आहे. पण असईला जो परका होता तो रांग वळवून लढला, आणि जे घरचे होते ते घोड्यावर बसून गेले. फौजेला पगार देणारा धनीच मैदानात नसेल तर कर्नल कुठला आहे याने काय फरक पडतो?

पोलमन संत होता असं मी म्हणत नाहीये हं. पुढे तो पुन्हा कंपनीच्याच नोकरीत गेला. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने 'शार्प्स ट्रायम्फ' मध्ये त्याला चक्क पात्र केलंय. आपल्याकडे मात्र ना त्याच्यावर काही, ना त्या गोलंदाजांवर. त्यांची तर नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

30 डिसेंबर 1803 ला सुर्जी अंजनगावला शिंद्यांनी तह केला. आणि नऊच वर्षांत, 1812 मध्ये, कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सिंधुदुर्गही कंपनीकडे गेले. ते कसं झालं, ते पुढच्या भागात. येवा मगे!