‘येथून लिही’ म्हणणारें प्रथिन

श्रोतेहो, जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतून अतिशीत पेट्यांत इवल्याशा कुप्या जपून ठेवलेल्या असतात. त्यांपैकीं एखादीवर ‘पुनःसंयोजित मानवी टीबीपी, केवळ संशोधनासाठीं’ अशा अर्थाची चिठ्ठी आढळते. आंतील प्रथिन मानवी खरें. पण तें कोणा मनुष्याच्या शरीरांतून काढलेलें नसतें, बहुधा जंतूंकडून करवून घेतलेलें असतें. माणसाचें प्रथिन जंतूंनीं कां करावें, आणि तें औषध नव्हे तर त्याचा उपयोग काय, असे दोन प्रश्न सुज्ञ श्रोत्यांच्या मनांत सहज उभे राहतील. आज त्यांचाच विचार करूं.

प्रथम या प्रथिनाचें शरीरांतील काम पाहूं. जुन्या दप्तरखान्यांतून मूळ कागद बाहेर नेऊं देत नसत. हव्या त्या कागदाची नक्कल कारकून करून देई. आपल्या पेशींतील व्यवस्था अशीच आहे. केंद्रकांतील डीएनए हें मूळ दप्तर. त्यांत प्रथिनें कशीं घडवावींत हें सांगणारीं सुमारें २०,००० जनुकें आहेत. त्यांपैकीं जें जनुक वापरावयाचें, त्याची आरएनए नांवाच्या द्रव्यांत नक्कल होते. या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. नक्कल करणारा कारकून म्हणजे आरएनए पॉलिमरेज. परंतु बाड कोठें उघडावें हें त्या कारकुनाला आपलें आपण समजत नाहीं. कांहीं जनुकांच्या आरंभापूर्वीं, सुमारें २५ ते ३० अक्षरें अलीकडे, ‘टाटा’ अशी एक अक्षरखूण असते. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावें तसें टीबीपी त्या खुणेवर बसतें आणि डीएनएचा धागा सुमारें ८० अंशांत वाकवितें. जणूं बोट ठेवून तें सांगतें, ‘येथून लिही.’ मग इतर साहाय्यक प्रथिनें जमतात व नक्कल सुरू होते.

आतां जंतूंकडे वळूं. मानवी पेशींत हजारों प्रथिनें एकत्र नांदतात. त्यांतून टीबीपी काढूं गेल्यास तें अत्यल्प मिळतें, आणि त्याला सोबती चिकटून येतात. शाळेंत सारा वर्ग एका सुरांत उत्तर देऊं लागला म्हणजे उत्तर खरोखर कोणाला येतें हें मास्तरांस कळत नाहीं. एकेका मुलाला उभें करावें लागतें. प्रथिनांनाही असेंच एकटें उभें करावें लागतें. त्याची युक्ति १९७३ सालीं कोहेन व बॉयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखविली. एका जीवाचें जनुक डीएनएच्या लहानशा वलयांत जोडून त्यांनीं तें ई. कोलाय या जंतूंत घातलें. याच मार्गानें १९७८ सालीं मानवी इन्शुलीन तयार झालें. टीबीपीचें जनुकही असेंच जंतूंत घालतात. प्रथिनाच्या टोकाला पुष्कळदां सहा हिस्टिडीनांचें शेंपूट जोडलेलें असतें. जंतु फोडून त्यांचा अर्क निकेलयुक्त कणांवरून गाळला म्हणजे त्या शेंपटामुळें टीबीपी कणांना धरून राहतें, व बाकीचीं बहुतेक प्रथिनें वाहून जातात.

या एकट्या मुलाची परीक्षा १९९० सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें पू व टिजियन यांनीं घेतली. मानवी पेशींच्या अर्कांतील नैसर्गिक, मिश्र अंश काढून त्याच्या जागीं त्यांनीं जनुकावरून करवून घेतलेलें टीबीपी घातलें. नक्कल झाली, परंतु ती वाढविण्यासाठीं इशारा देणारें एसपी-१ हें प्रथिन घातलें, तरी वेग वाढेना! मिश्र अंश मात्र तो इशारा पाळीत असे. म्हणजे मुलाला अर्धें उत्तर येत होतें. उरलेलें शेजारचा सांगत होता. तो शेजारी म्हणजे टीबीपीला चिकटून येणारीं इतर प्रथिनें. आज आपण जाणतों कीं टीबीपी अशा सुमारें १३ प्रकारच्या सोबत्यांसह काम करतें. ज्यांस मळ समजून टाकून दिलें असतें, तेच कारभारी निघाले.

याचा संबंध रोग्यांशींही आहे. टीबीपीच्या सांखळींत ग्लुटामीन हा घटक ओळीनें सामान्यतः २५ ते ४० वेळां येतो. कांहीं कुटुंबांत ही संख्या पन्नाशीच्या घरांत किंवा तिच्याही पुढें जाते, आणि त्या माणसांचा तोल, वाणी व स्मृति हळूहळू ढळूं लागते. असें कां होतें याचा शोध घेण्यास निर्दोष व सदोष अशीं दोन्ही प्रथिनें वेगवेगळीं हातीं असावीं लागतात.

तेव्हां कुपीवरील ‘केवळ संशोधनासाठीं’ हे शब्द उणेपणाचे नव्हेत. तें प्रथिन टोंचून घेण्यासाठीं नाहीं, प्रश्न विचारण्यासाठीं आहे. एकट्याला काय येतें हें कळलें, म्हणजेच त्याला कोणाची साथ लागते हेंही कळतें.